काठीवरचा दुसरा हात

केतकी बोंद्रेने काठीच द्यायची ठरवली, कारण काठी सगळ्या अटींत बसत होती. वस्तू नवी नको, प्लास्टिकची नको, घरात किमान तीन वर्षं वापरलेली हवी आणि देणाऱ्याला आता तिची गरज उरलेली नको. ही शेवटची अट वाचताना तिची नजर दाराशेजारच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे श्रीरंगची तेंदूची काठी उभी होती. पहाटे फिरायला जाताना कुत्र्यांच्या धाकाने तो ती सोबत नेई. नवरा जाऊन चौदा महिने झाले होते. कुत्री अजून होती, फिरायला जाणारा माणूस नव्हता. तिने काठी उचलली, गाडीच्या मागच्या सीटवर आडवी टाकली आणि विद्यापीठात आली. एवढं करताना तिला काही वाटलं नाही. अलीकडे तिला कशाचंच फारसं काही वाटत नसे. लोक याला खंबीरपणा म्हणत. ती त्यांना दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नसे.

रसायनशास्त्र विभागात दिवाळीच्या सुट्टीआधी 'जुनी दिवाळी' व्हायची. यंदाचं नववं वर्ष. पूर्वी सहकारी एकमेकांना कपबश्यांचे संच आणि मेणबत्त्यांचे डबे द्यायचे, ते न उघडता पुढच्या वर्षी तिसऱ्याच माणसाकडे जायचे. त्याला कंटाळून प्रा. पद्माकर ढोके यांनी सुचवलं की घरातली एक वापरती वस्तू आणा, चिठ्ठ्या टाका, ज्याला जी मिळेल ती त्याने खरोखर वापरायची. कल्पना साधी होती आणि पहिली काही वर्षं साधीच राहिली. मग सरकारने विद्यापीठांना पुनर्वापराचे गुण द्यायला सुरुवात केली. एक जुनी वस्तू वापरात राहिली म्हणजे एक नवी वस्तू बनवायची वाचली, असा हिशेब. पण वापराचा पुरावा हवा. आणि पुरावा मागितला की माणसं कशी वागतात ते मानकरांनी दाखवून दिलं. त्यांनी बाजारातून कोरा स्टीलचा डबा आणला, राखेने घासला आणि 'आमच्या आईच्या हातचा' म्हणून टेबलावर ठेवला.

तो डबा कोरा आहे हे केतकीच्या यंत्राने सांगितलं.

यंत्र शिवणमशीनएवढं होतं, पुढे हत्तीच्या सोंडेसारखी वाकणारी नळी. त्यामागचं शास्त्र केतकी पहिल्या वर्षाच्या मुलांना पाच मिनिटांत समजावून सांगे. माणसाच्या कातडीला सतत थोडं तेल सुटत असतं. त्या तेलात स्क्वालिन नावाचा एक लांबलचक रेणू असतो. हवेतला ओझोन वायू त्याला ठरावीक सांध्यांवर तोडतो, मग त्या तुकड्यांचे आणखी तुकडे होतात. कुठल्या आकाराचे तुकडे किती उरलेत हे मोजलं की ते तेल किती दिवसांपूर्वी लागलं ते कळतं. शिवाय प्रत्येकाच्या तेलात आम्लांचं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे एका माणसाचा हात दुसऱ्यापासून वेगळा काढता येतो. लाकडासारख्या सच्छिद्र वस्तूत हे तेल थराथराने मुरतं. यंत्र मोहरीएवढ्या जागेवर उष्णतेचा झोत सोडतं, तिथली वाफ ओढून घेतं आणि एक चिठ्ठी छापतं: किती हात, किती दिवस, शेवटचा स्पर्श कधी. हात बघतं म्हणून विभागात सगळे त्याला 'ज्योतिषी' म्हणत. या ज्योतिषाला फक्त मागचं कळायचं.

भेट पुढे देण्याआधी ती 'शून्य' केली जाई. हाही केतकीचाच नियम, यादीत सातवा. त्याच नळीतून जांभळ्या प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित वायूचा, झोत एक मिनिट फिरवला की जुने सगळे थर जळून जात. पुढच्या दिवाळीला वस्तू पुन्हा ज्योतिषापुढे येई तेव्हा चिठ्ठीत फक्त नव्या मालकाचा हात दिसायला हवा, नाहीतर मोजमापाला अर्थ नाही.

मोजमाप चोख होतं. त्याचा एक परिणाम मात्र कोणी धरला नव्हता. मानकरांनी शरमेने दुसऱ्या वर्षी खरोखरचा, आजोळचा तांब्याचा तांब्या दिला. तो नाझनीनला मिळाला, विभागातली सगळ्यांत तरुण प्राध्यापिका. वर्षाने चिठ्ठी निघाली: वर्षभरात तीन वेळा स्पर्श. तेव्हापासून मानकर तिच्याबरोबर चहाला जात नसत. "अहो, मी फिल्टरचं पाणी पिते," असं नाझनीनने दोनदा सांगून पाहिलं. "प्या ना, कोण नाही म्हणतं," मानकर म्हणाले.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी केतकी आणि नाझनीन प्रयोगशाळेत वस्तूंची पूर्वतपासणी करत होत्या. प्रयोगशाळेचे परिचर सुखदेवभाऊ वस्तू एकेक करून पुढे देत आणि वहीत नोंद करत. खलबत्ता झाला, सतरंजी झाली, मग काठी आली. सुखदेवभाऊंनी ती दोन्ही हातांनी, फडक्यात धरून आणली.

"ही सरांची न?"

"हो."

"सकाळी सकाळी भेटत जायचे मले पुलाजवळ. कुत्र्याले बिस्किट टाकायचे अन् काठी मागं लपवायचे."

"काठी मुठीपाशी धरू नका," केतकी म्हणाली. "तिथलंच रीडिंग घ्यायचंय."

नाझनीनने नळी मुठीवर टेकवली. पंखा घुमला, छोटीशी चिठ्ठी बाहेर आली. नाझनीन वाचू लागली. "पहिला हात, नऊ वर्षं दोन महिने. शेवटचा स्पर्श चारशे सव्वीस दिवसांपूर्वी." ती जरा थांबली. "बरोबर आहे ना, मॅडम?"

"बरोबर."

"दुसराही एक हात दाखवतोय."

"माझा असेल. आज मीच आणली ना ती."

"आजचा एकच नाहीये. चारशे बारा दिवसांचा आहे, चार दिवस इकडे-तिकडे. रोज. साधारण दिवसातून दोनदा. अगदी थोडा वेळ, दोन-दोन सेकंद."

केतकीने हात पुढे केला. चिठ्ठी घेतली, वाचली. "वंदनाबाई असतील. झाडताना बाजूला करत असतील."

"मे महिन्यात पंधरा दिवसांची फट आहे," नाझनीन म्हणाली. "त्या सुट्टीवर होत्या का?"

मे महिन्यात वंदनाबाई सुट्टीवर नव्हत्या. पंधरा दिवस पेपर तपासायला नागपूरला केतकी गेली होती. आणि चारशे बारा म्हणजे तेरावं झाल्यानंतरचा दिवस. त्या दिवशी ती पहिल्यांदा घराबाहेर पडून कामावर आली होती.

यंत्राची शंका आली की काय करायचं ते ठरलेलं होतं, तेच तिने केलं. स्वच्छ काचपट्टी घेतली, त्यावर आपलं बोट दाबलं, पट्टी नळीखाली सरकवली. चिठ्ठी निघाली. दुसरा हात तिचाच होता.

"पण मी हात लावत नाही तिला," केतकी म्हणाली. वर्गात एखाद्याचं उत्तर चुकल्यावर बोलावं तसा तिचा आवाज होता. "मी चौदा महिन्यांत त्या काठीला हात लावलेला नाही."

नाझनीनने सुखदेवभाऊंकडे पाहिलं. सुखदेवभाऊ वहीत बघत होते.

"पहिल्या थरातलं उरलंय किती?" केतकीने विचारलं.

"ते चिठ्ठीत येत नाही."

"पडद्यावर येतं. बघ ना."

"चार टक्के."

केतकीने मान हलवली. हेही बरोबरच होतं. बोट टेकलं की ते स्वतःचं तेल ठेवतं आणि जाताना खालचं थोडं उचलून नेतं. हा नियम तिने स्वतः मोजून, आलेख काढून छापला होता. दोन सेकंद, दिवसातून दोनदा, चौदा महिने. आधीच्या नऊ वर्षांचं चार टक्क्यांवर यायला तेवढं पुरे होतं. ती काठी कोपऱ्यात तशीच उभी आहे असं ती समजत होती आणि रोज थोडं थोडं करून श्रीरंगला पुसत होती.

"मॅडम, यादीतून काढून घेऊ का?" नाझनीनने हळू आवाजात विचारलं. "मी दुसरं काहीतरी आणते तुमच्या नावावर. आमच्याकडे अम्मीचं पानदान आहे."

"नोंदवलेली वस्तू परत जात नाही."

"नियम तुमचाच आहे."

"म्हणून तर." केतकीने चिठ्ठी घडी करून कोटाच्या खिशात टाकली. "आणि घरी नेऊन काय करू? परत कोपऱ्यात ठेवली तर परत हात लावीन. कळत नाही तर थांबवू कसं? कपाटात कुलूप लावून ठेवायची?"

"ठेवतात लोक."

"पुढची वस्तू घ्या, सुखदेवभाऊ."

सकाळी केतकी नेहमीच्या वेळेला निघाली. खांद्याला पर्स, एका हातात डबा. आज ती स्वतःकडे लक्ष ठेवून होती, एखाद्या उपकरणाकडे ठेवावं तसं. उजवा पाय चपलेत गेला. डावा गेला. आणि डबा डाव्या हातात घेऊन तिचा उजवा हात कमरेच्या उंचीवर, कोपऱ्याच्या दिशेने पुढे गेला. बोटं किंचित वाकलेली. तिथे काही नव्हतं. हात तसाच राहिला.

तिने मनात मोजलं. दोन सेकंद झाले, मग तीन, मग पाच. एवढ्यात तिला आठवलं की श्रीरंग फिरून आला की बूट काढण्यासाठी काठी तिच्या हातात देई. "धर गं जरा." ती कणीक मळत असली तरी मनगटाने धरी. मूठ त्याच्या हाताने गरम झालेली असायची, हिवाळ्यात तर चहाच्या कपासारखी. तो वाकून नाड्या सोडी, मग काठी परत घेऊन कोपऱ्यात ठेवी. तिचे ते दोन सेकंद दुसऱ्या पहाटे त्याच्या तासाभराच्या पकडीत पुसले जात, म्हणून चिठ्ठीत आले नव्हते. नऊ वर्षं. तिला हे आठवलं, पण जसं कुणा दुसऱ्याचं वाचावं तसं. रडू येईल असं वाटून ती क्षणभर थांबली. आलं नाही. तिने दार ओढून घेतलं.

कार्यक्रम चार वाजता होता. चकली, शेव, केळीच्या पानांचे द्रोण, आणि फळ्यावर मुलांनी खडूने काढलेले आकाशकंदील. ढोके सर यंदा मार्चअखेर निवृत्त होणार होते, त्यामुळे चिठ्ठी काढायचा पहिला मान त्यांना मिळाला. त्यांनी डब्यात हात घातला, ढवळला.

"नशीब काढा, सर," मानकर म्हणाले. "तांब्या नाही आहे यंदा. वस्तू पडून राहील अशी भीती नाही."

नाझनीनने चकली तोडली. "सर, पुढच्या वर्षी मी तांब्याला सकाळ-संध्याकाळ नमस्कार करणार आहे. ज्योतिषाला दिसेल."

"नमस्काराला बोटं लागत नाहीत," मानकर म्हणाले, पण हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

ढोके सरांनी चिठ्ठी उघडली, चष्मा वर केला. "अकरा. काय आहे अकरा?"

सुखदेवभाऊंनी काठी उचलली.

काठी कोणाची हे सगळ्यांना माहीत होतं. ढोके सरांनी केतकीकडे पाहिलं आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले.

"बोंद्रेबाई, बाप्पा, हे माझ्याकडून होणार नाही. दुसरी चिठ्ठी काढतो."

"का, सर? दोन्ही गुडघे कुरकुरतात म्हणून तुम्हीच सांगता रोज."

"गुडघे माझे आहेत. काठी तुमची आहे."

"तेच तर जुन्या दिवाळीचं सूत्र आहे ना? तुमचंच." ती हसली. ते हसणं तिला आतून कळलं नाही, गालांवर जाणवलं. "वापराल ना रोज?"

"वापरीन."

"मग झालं. आणा इकडे, शून्य करून देते."

यंत्र कोपऱ्यातल्या टेबलावर, पडद्याआड होतं, कारण प्लाझ्माच्या उजेडाकडे थेट बघायचं नसतं. पडद्याच्या आत फक्त केतकी आणि नोंदवही घेऊन सुखदेवभाऊ. बाहेर मानकर पुढची चिठ्ठी मोठ्याने वाचत होते. तिने काठी चौकटीत अडकवली, मुठीवर नळी आणली. पंखा सुरू केला. अंगठा झोताच्या बटणावर ठेवला.

एका मिनिटात चार टक्के जाणार होते. त्यांच्यावरचे चारशे बारा दिवसही जाणार होते, जे तिने जगताना तिला कळलेही नव्हते. जे काही उरलं होतं ते एवढंच होतं, बोटभर लाकडात. दुसरीकडे ढोके सर होते. त्यांचा जाडजूड, खडूने कोरडा पडलेला तळवा. तेही पुसणारच होते. रोज, तासन्‌तास, रस्त्याने चालताना, भाजी घेताना, पायऱ्या चढताना.

अंगठा बटणावर होता. तो दाबला गेला नाही. असं काही तिने ठरवलं नव्हतं. हाताने परस्पर काहीतरी करायची ही दुसरी वेळ. पंखा घुमत राहिला आणि ती घड्याळाकडे बघत साठ मोजत राहिली. साठ झाल्यावर तिने पंखा बंद केला आणि नळी बाजूला घेतली.

सुखदेवभाऊंनी वही पुढे केली. अकरा क्रमांकापुढे 'शून्य केले' असा रकाना होता. केतकीने पेन उघडलं.

"मॅडम," सुखदेवभाऊ हळूच म्हणाले, "वास नाई आला."

प्लाझ्मा चालला की ओझोनचा वास येतो, कुठेतरी जवळ वीज पडून गेल्यावर येतो तसा. नऊ वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

केतकीने त्यांच्याकडे पाहिलं. बावीस वर्षांच्या नोकरीत तिने एकही आकडा बदललेला नव्हता. आलेखातून बाहेर पडणारा एखादा ठिपकासुद्धा तिने कधी खोडला नव्हता.

"सर्दी झाली असेल तुम्हाला," ती म्हणाली.

सुखदेवभाऊंनी नाक ओढून पाहिलं. मग खांद्यावरचा रुमाल काढून नाकाला लावला.

"सर्दीच असंल," ते म्हणाले. "हवा बदलली न."

तिने सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

सुट्टीत तिने घरी बसून गणित केलं. सरांची पकड, दिवसातला वेळ, लाकडाची छिद्रं, हिवाळ्यातली कोरडी हवा. उत्तर आलं संक्रांत. संक्रांतीच्या आसपास पहिला हात मापनाच्या मर्यादेखाली जाणार होता. होळीपर्यंत दुसराही. म्हणजे पुढच्या दिवाळीला चिठ्ठीत एकच हात निघेल आणि वहीतली खोटी नोंद खरी ठरेल. पकडली जाण्याची शक्यता तिने अर्धा टक्का काढली. आकड्याने तिला बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. तिने कागद फाडला नाही, पुस्तकात खूण म्हणून ठेवला.

सुट्टी संपली आणि विभागाच्या व्हरांड्यात काठीचा आवाज यायला लागला. पहिल्या दिवशी तिच्या हातातून खडू पडला. श्रीरंगचा आवाज झपाझप असे. हा सावकाश होता, दर चार पावलांना एक थांबा. आठवड्याभरात तो तिला ओळखीचा झाला. महिन्याभराने तो आला की ती घड्याळ न बघता चहाला उठू लागली. घरून निघताना हात मात्र रोज कोपऱ्यात जातच होता. ती त्याला जाऊ देई, दोन सेकंद थांबे आणि मग दार लावी.

संक्रांतीच्या दिवशी ढोके सर तिच्या खोलीत आले. हातात कागदाची पुडी होती.

"तिळगूळ घ्या, गोड बोला. घरचा आहे. बायकोने सांगितलंय, बोंद्रेबाईंना वडी द्या, लाडू मानकरांना द्या. लाडू कडक झालेत."

"गुडघे कसे आहेत?"

"आता डावाच कुरकुरतो. उजवा तुमच्या पार्टीत गेला." ते खुर्चीला धरून उभे राहिले. पुडी सोडायला दोन्ही हात लागत होते, आणि काठी टेकवायला टेबलाजवळ जागा नव्हती. पुस्तकांचे ढीग होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि काठी सरळ तिच्यासमोर धरली.

"धरा बरं जरा."

केतकीने हात पुढे केला. या वेळी तो तिने स्वतः पुढे केला. बोटं मुठीभोवती आली.

तिच्या गणिताप्रमाणे तिथे आज श्रीरंग उरलेला नव्हता. यंत्राला विचारलं असतं तर त्यानेही तेच सांगितलं असतं. ढोके सर पुडीच्या गाठीशी झटत होते, "कसली गाठ मारते ही," असं पुटपुटत. दोन सेकंद झाले, मग पाच झाले, मग तिने मोजणं सोडून दिलं.

मूठ गरम होती.